दप्तरात मावणारा अँटेना

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर खचून आला. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. नेहमीप्रमाणे बस घेऊन तो तेथे पोचला, तेव्हा गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा होता. गावातून निरोप पाठवायला कोणी उरले नव्हते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचे कडे, खोल दऱ्या आणि त्यांत विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात येथे रस्ता बंद पडू शकतो, वीज जाऊ शकते. मोबाइल फोन चालायचा तर त्याच्या टप्प्यात टॉवर हवा, टॉवरला वीज हवी आणि दोघांच्या मध्ये डोंगर नको. यांतले एक जरी बिघडले तरी फोन मुका होतो. अशा वेळी दरीतला निरोप पुण्या-मुंबईपर्यंत कसा पोचवायचा?

याचे एक उत्तर जुने आहे आणि स्वस्तही आहे. वीस मीटर तार झाडावर टांगायची, तिला बॅटरीवर चालणारा रेडिओसंच जोडायचा आणि बोलायचे. टॉवर नको, उपग्रह नको. ही तार म्हणजे अँटेना. तो गुंडाळला तर शाळेच्या दप्तरात मावतो आणि तुम्ही तो एका दुपारी तयार करू शकता. तो कसा करायचा आणि त्याची लांबी तेवढीच का, हे या लेखात पाहू.

हॅम म्हणजे कोण?

नोकरी म्हणून नव्हे तर छंद म्हणून जे रेडिओसंचावरून एकमेकांशी बोलतात, त्यांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. जगातील बहुतेक सर्व देशांत ते आहेत. भारतात १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही सरकारी परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाव मिळते. भारतीय हॅमच्या संकेतनावाची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते.

छंदाचा उपयोग संकटात होतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी अंदमानात गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांवरील दूरध्वनी बंद पडले. तेव्हा हौसेसाठी नेलेल्या याच संचांवरून त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क साधून दिला.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. परवान्याशिवाय रेडिओसंचावरून बोलणे, म्हणजे प्रक्षेपण करणे, हा गुन्हा आहे. हॅमचे बोलणे नुसते ऐकायला या परीक्षेची गरज नाही. आपण आज ऐकण्यासाठी अँटेना करणार आहोत. पुढे परवाना मिळाला की हाच अँटेना बोलण्यासाठीही चालेल.

तारेची लांबी कशी ठरते?

झोका आठवा. झोका आपल्याकडे परत येतो नेमक्या त्या क्षणी धक्का दिला, तर लहान मूलसुद्धा मोठ्या माणसाला उंच झुलवू शकते. वेळ चुकली तर धक्का वाया जातो. तारेतील विजेचेही असेच आहे.

आकाशातून आलेल्या रेडिओलहरीमुळे तारेतील इलेक्ट्रॉनांना धक्का बसतो. विजेचा हा हेलकावा तारेच्या टोकापर्यंत जातो, तेथून उलटतो आणि परत येतो. तो परत येताच लहरीचा पुढचा धक्का बसला तर हेलकावा वाढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. जाऊन-येऊन झालेले अंतर एका तरंगलांबीइतके असले की हे जमते. म्हणून तारेची लांबी तरंगलांबीच्या निम्मी ठेवायची.

तरंगलांबी काढणे सोपे आहे. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३,००,००० किलोमीटर या वेगाने जातात. या वेगाला कंप्रतेने (वारंवारतेने) भागले की तरंगलांबी मिळते. कंप्रता मेगाहर्ट्झमध्ये घेतली तर

तरंगलांबी (मीटर) = ३०० ÷ कंप्रता

आणि तिची निम्मी १५० ÷ कंप्रता. प्रत्यक्षात तार याहून सुमारे ५ टक्के आखूड ठेवावी लागते, कारण तारेची टोके आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण यांमुळे ती विजेला थोडी लांब असल्यासारखी भासते. म्हणून व्यवहारात सूत्र असे वापरतात :

तारेची लांबी (मीटर) = १४३ ÷ कंप्रता

भारतातील हॅम ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पुष्कळ बोलतात. आपण ७.१ मेगाहर्ट्झ घेऊ. १४३ ÷ ७.१ = २०.१४ मीटर. ही तार मधोमध तोडायची, म्हणजे प्रत्येकी १०.०७ मीटरचे दोन हात होतात. हेलकाव्यातील विद्युत्प्रवाह मध्यभागी सर्वांत जास्त असतो, म्हणून तेथूनच केबलने तो संचाकडे आणायचा. दोन हातांच्या या अँटेनाला द्विध्रुव किंवा डायपोल म्हणतात.

आता एक गंमत पाहा. हॅमचा दुसरा आवडता पट्टा १४ मेगाहर्ट्झचा आहे. १४.२ साठी हिशेब केला तर एकूण लांबी १०.०७ मीटर, म्हणजे एक हात ५.०४ मीटर येतो. ७.१ च्या दुप्पट १४.२, म्हणून तार बरोबर निम्मी. तेव्हा प्रत्येक हातात ५.०४ मीटरवर एक जोड ठेवला, तर एकाच अँटेनावर दोन्ही पट्टे ऐकता येतील. जोड लावला की ७, सोडला की १४.

लहर डोंगर ओलांडते कशी?

फार मोठ्या कंप्रतेच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्याच्यामागे जणू त्यांची सावली पडते. मोबाइलची अडचण हीच आहे. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींची वाट वेगळी आहे. जमिनीपासून सुमारे २५० ते ३०० किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे हवेचे विरळ अणू विद्युत्भारित झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. सरळ वर सोडलेली लहर तेथून वळून खाली येते. नळीने छताकडे पाणी उडवले तर ते छताला लागून सगळीकडे खाली सांडते, तसे. दरीत पडणारे हे ‘पाणी’ वरून येत असल्यामुळे आजूबाजूचे कडे त्याला अडवू शकत नाहीत. म्हणून दिवसा ७ मेगाहर्ट्झवर काही शे किलोमीटरच्या परिसरात चांगला संपर्क होतो.

यात आपल्या सोयीची आणखी एक गोष्ट आहे. लहर वरच पाठवायची असल्याने अँटेना फार उंच नको. ६ ते ८ मीटर उंचीचे झाड पुरते. अशी झाडे तर प्रत्येक शाळेच्या आवारात असतात.

रात्री सूर्य नसल्यामुळे आयनांबर विरळ होते. सरळ वर गेलेल्या लहरी मग कधी कधी त्यातून निसटून अवकाशात जातात. तिरप्या गेलेल्या तेवढ्या वळतात आणि फार लांब जाऊन खाली उतरतात. म्हणून रात्री जवळची ठाणी मंदावतात आणि दूरची ऐकू येऊ लागतात.

सामान

१. विजेच्या कामाची लवचीक जुळी वायर, ११ मीटर. ती उभी सोलून दोन वेगळ्या तारा करायच्या. दोन हात तयार.
२. टी.व्ही.ची कोअक्सिअल केबल, १० ते १२ मीटर.
३. पी.व्ही.सी. पाइपचा १० सेंटिमीटरचा एक तुकडा.
४. ठिबक सिंचनाच्या नळीचे बोटभर लांबीचे चार तुकडे. शेतात टाकून दिलेली नळी चालेल.
५. दोन क्रोकोडाइल क्लिपा.
६. नायलॉनची बारीक दोरी, ३० मीटर. सुतळी भिजली की वीज थोडी वाहू देते, म्हणून नायलॉनच बरी.
७. चिकटपट्टी, मोजपट्टी, सोल्डर करण्याचे साहित्य आणि पतंगाच्या मांजाची एक रिकामी फिरकी.

कृती

प्रत्येक तारेचे ५.३५ मीटरचे दोन तुकडे करा. पाइपच्या तुकड्याला दोन्ही टोकांशी दोन-दोन आणि मध्ये दोन भोके पाडा. दोन तारांची टोके पाइपच्या दोन बाजूंच्या भोकांतून ओवून गाठ मारा. ताण गाठीवर यावा, सोल्डरवर येऊ नये. केबल मधल्या भोकांतून दोरीने घट्ट बांधा. मग केबलची मधली तार एका हाताला आणि तिच्याभोवतीची जाळी दुसऱ्या हाताला सोल्डर करा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोल्डर धरत नाही. तेव्हा ती स्क्रू-नट वापरून आवळा. शेवटी सर्व जोडांवर चिकटपट्टी गुंडाळा. केबलमध्ये पाणी शिरले तर ती लवकर खराब होते.

आता मध्यापासून बरोबर ५.०४ मीटरवर ठिबकच्या नळीचा तुकडा बांधा. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला तारेचा बाहेरचा भाग बांधा. दोन्ही तारांची ५ सेंटिमीटरची शेपटे सोलून मोकळी ठेवा आणि एकाला क्लिप लावा. क्लिप दुसऱ्या शेपटाला चिमटली की हात १०.०७ मीटरचा होईल. अगदी शेवटच्या टोकालाही नळीचा एक तुकडा बांधा. तेथे उरलेली तार कापू नका. तिचा दुमड घालून मूळ तारेवरच पीळ द्या. दुमडलेला भाग लांबीत जवळजवळ धरला जात नाही, त्यामुळे पुढे लांबी कमी-जास्त करणे सोपे जाते.

नुसते ऐकण्यासाठी दहा-वीस सेंटिमीटरची चूक चालते. प्रक्षेपण करताना मात्र एस.डब्ल्यू.आर. मीटर लावून टोके बारकाईने जुळवावी लागतात.

उभारणी

अँटेनाचा मध्य झाडावर ७ मीटर उंचीवर न्यायचा आणि दोन हात दोन बाजूंना उतरते ओढायचे. म्हणजे एकच आधार पुरतो. टोके जमिनीपासून २ मीटर उंच ठेवायची, म्हणजे माणसाच्या डोक्यावर. आता भूमिती पाहा. उतार ७ – २ = ५ मीटर, कर्ण १० मीटर. बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणून समोरचा कोन ३० अंश. तिसरी बाजू सुमारे ८.६६ मीटर. तेव्हा झाडाच्या बुंध्यापासून दोन्हीकडे पावणेनऊ मीटर जागा हवी. शिवाय दोरी खुंटीला बांधायला थोडी अधिक. दोन हातांमधला कोन १२० अंश होतो. तो ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. हात एकमेकांच्या जवळ आले की त्यांचा परिणाम एकमेकांना खोडतो.

झाडावर चढू नका. दोरीच्या टोकाला वाळूची लहान पिशवी बांधून ती फांदीवरून फेका. समोर कोणी उभे नाही ना, हे आधी पाहा. पिशवी खाली आली की दोरीला अँटेनाचा मध्य बांधून वर ओढा.

सावधगिरी : जवळपास विजेची तार असेल तर तेथे अँटेना मुळीच लावू नका. तार किंवा दोरी तिच्यावर पडली तर जीव जाईल. वळवाचे ढग जमू लागले, लांबवर गडगडाट झाला तरी केबल संचातून काढून सर्वांनी घरात जावे. जुन्नर परिसरात बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडल्यावर उसाच्या फडाजवळ प्रयोग नकोत. पहिल्या वेळी शिक्षकांना बरोबर घ्या.

ऐकणे

शॉर्टवेव्ह असलेल्या साध्या रेडिओला बाहेरच्या अँटेनासाठी छिद्र नसेल, तर केबलची मधली तार क्लिपने रेडिओच्या दांडीला लावा आणि जाळी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. दूरदेशीची नभोवाणी केंद्रे पूर्वीपेक्षा ठळक ऐकू येतील. हॅमचे बोलणे मात्र साध्या रेडिओवर बदकाच्या आवाजासारखे येते. ते एस.एस.बी. नावाच्या पद्धतीने पाठवलेले असते आणि तशी सोय असलेल्या संचावरच नीट उलगडते. असा संच एखाद्या परवानाधारक हॅमकडे असतो. शाळेने त्यांना बोलावले तर प्रात्यक्षिकही होईल.

पहिल्याच दिवशी तुम्हांला एक खरखर ऐकू येईल. तिचा माग काढा. घरातील एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, पंपाचा स्टार्टर एकेक बंद करून पाहा. कोणत्या यंत्राबरोबर आवाज कमी झाला? आपण वापरतो ती पुष्कळशी विद्युत् उपकरणे नकळत रेडिओलहरी सोडत असतात.

खोडदची शांतता

या खरखरीचे महत्त्व जुन्नर तालुक्याइतके क्वचितच कोठे असेल. नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात मांडल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात.

या तबकड्या भरीव नाहीत, हे जवळून पाहिल्यास कळते. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारांची ती जाळी आहे आणि तिची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. भोके तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. या जाळीने एकवटलेली लहर टिपायला केंद्राशी काय असते? दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झच्या मूळ व्यवस्थेत तेथे चार द्विध्रुव चौकटीसारखे बसवले होते. १५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटर, म्हणून द्विध्रुवाची लांबी सुमारे १ मीटर. आपण झाडावर टांगला त्याचाच हा धाकटा भाऊ.

हे नाते जुने आहे. कार्ल जान्स्की यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओलहरी प्रथम ओळखल्या. त्यानंतर १९३७ मध्ये ग्रोट रेबर यांनी अमेरिकेत आपल्या घरामागे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वतः बांधली आणि रेडिओ आकाशाचे नकाशे काढले. रेबर हे हॅम होते.

दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी कल्पनेपलीकडे क्षीण असतात. खोडदची जागा निवडताना तेथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी आहे आणि भोवतीचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात, हेही पाहिले गेले. माळीणच्या दरीत फोनच्या आड येतो तसलाच डोंगर खोडदला राखण करतो. पण आतून झालेला गोंगाट डोंगर कसा अडवणार? हॅमचे १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झजवळचे पट्टे या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या कक्षेतच येतात. ७ मेगाहर्ट्झ त्याबाहेर आहे, परंतु सदोष प्रक्षेपकातून मूळ कंप्रतेच्या पटींतल्या लहरीही निघतात. ७.१ ची वीसपट १४२ होते. म्हणून या भागात परवानाधारकानेही प्रक्षेपणापूर्वी वेधशाळेला विचारावे आणि संच निर्दोष ठेवावा. तुमचा ऐकण्याचा अँटेना कोणालाच त्रास देत नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. शाळांतील मुले आपले प्रयोग तेथे मांडतात. तुमचा अँटेना आणि पुढील नोंदी तेथे शोभतील.

करून पाहा

१. आठ दिवस सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ९ वाजता ७ मेगाहर्ट्झवर पंधरा मिनिटे ऐका. कोणत्या गावांची नावे कानी पडली ती लिहा. नकाशावर अंतरे मोजा. दिवसाचे आणि रात्रीचे सरासरी अंतर किती आले?
२. जोड सोडून १४ मेगाहर्ट्झवर हेच करा. काय फरक पडला आणि का?
३. अँटेनाचा मध्य ७ मीटरवरून ३ मीटरवर आणा. आवाज किती मंदावला? दरड कोसळून झाडेही पडली असतील, अशा ठिकाणी तुम्ही काय आधार घ्याल?
४. गावात सर्वांत कमी खरखर कोठे ऐकू येते ते शोधा आणि ती जागा नकाशावर टिपून ठेवा. पावसाळ्यात वीज आणि फोन बंद पडले, तर परवानाधारकाने संच मांडण्यासाठी तीच जागा उपयोगी पडेल.